शकरीमासीचं माप

मित्रांनो, माझ्या अंगावरून बोट फिरवलंत तर पहिले सात आकडे तुम्हाला सापडणार नाहीत. फरशीला टेकून टेकून ते पुसले गेले. आठपासून पुढे दीडशेपर्यंत मात्र मी अजून स्पष्ट बोलते. मी कापडी मोजपट्टी आहे, दोन्ही टोकांना पितळी टोपी असलेली. सध्या एका टेबलाच्या खणात, वाळलेल्या डिंकाच्या बाटलीशेजारी गुंडाळून पडलेली असते. म्हातारपणी शेजार निवडता येत नाही.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथलं फारसं काही आठवत नाही. रंगाचा वास तेवढा लक्षात आहे. माझं खरं बालपण गेलं आणंदच्या बाजारात, शिवणसामानाच्या एका दुकानात. आम्ही तिघी बहिणी एकाच खिळ्याला लटकत होतो. शिंप्याच्या गळ्यात पडावं, लग्नसराईत भरजरी ब्लाउजांची मापं घ्यावीत, एवढीच आमची स्वप्नं होती. एके दिवशी जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एक बाई आल्या. त्यांनी पिशवीतून पोलादी पट्टी काढली आणि आम्हा तिघींना तिच्यावर आडवं पाडून एकेक आकडा ताडून पाहिला.

दुकानदार म्हणाला, "बेन, पट्टी घेताय की सून पसंत करताय?"

"सून चुकली तर दोन माणसं जुळवून घेतात," बाई म्हणाल्या. "पट्टी चुकली तर माझ्या पोरींची घरं चुकतील."

त्या निरुबेन. आम्हा तिघींनाही त्यांनी विकत घेतलं. आणंदच्या आसपासच्या चरोतर भागात, तंबाखूच्या शेतांमध्ये मुलींचं एक कॉलेज होतं, तिथे त्या शिकवत. 'निवास आणि मानवी परिसर' असा तीन वर्षांचा पदवीचा अभ्यासक्रम होता. पाटी मोठी होती आणि वर्गात मुली जेमतेम चौदा. गावातले लोक चहाच्या टपरीवर म्हणत, "घरात राहायला शिकवतात म्हणे! आमच्या म्हशी न शिकताच राहतात." निरुबेनांच्या कानावर हे यायचं. त्या म्हणायच्या, "म्हशींना विचारलंय का कुणी, गोठा बरा आहे का म्हणून?"

तिथे मुली काय शिकायच्या, सांगू? खिडकी जमिनीपासून किती वर असली म्हणजे आजारी माणसाला अंथरुणातून रस्ता दिसतो. पायरी किती उंच असली म्हणजे म्हातारे गुडघे कुरकुरत नाहीत. पिण्याच्या पाण्याचे माठ चुलीपासून लांब ठेवले तर घरातल्या बाईची दिवसाकाठी किती पावलं वाया जातात. पावलं मोजायला मुली वही घेऊन गावातल्या स्वयंपाकघरांत दिवसभर बसत आणि घरच्या बायका त्यांना हसत हसत ढोकळा खाऊ घालत. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं तुम्ही ऐकलं असेल. निरुबेनांच्या वर्गात त्याच्या नेमकं उलटं होतं. तिथे आधी पाय पाहायचे आणि मग अंथरूण शिवायचं.

त्यांचा एक दंडक होता. कोणतंही माप तीन वेळा आणि तीन वेगवेगळ्या दिवशी घ्यायचं. "माणूस म्हणजे टेबल नव्हे," त्या म्हणत. "आजचा माणूस उद्या तेवढाच असेल, असं धरून चालू नका." मुली कंटाळायच्या. पहिल्या दिवसाचाच आकडा तीनदा लिहून मोकळ्या व्हायच्या आणि पकडल्या जायच्या.

माझ्या एका बहिणीला शिवणवर्गाने उसनं नेलं, ती परत आलीच नाही. दुसरी कपाटातल्या उंदरिणीच्या बाळंतपणात कामी आली. मी एकटी उरले, त्यामुळे माझा मान वाढला. माझं काम कोपराचं. उभ्या माणसाच्या कोपरापासून खाली फरशीपर्यंत मला सोडायचं आणि वरचा आकडा वाचायचा. त्यावरून स्वयंपाकाचा ओटा किती उंच हवा, ते ठरतं. कोपराखाली दहा सेंटिमीटरवर ओटा असला की कणीक मळताना खांदे चढत नाहीत आणि पाठ वाकत नाही. मी मोजून दिलेले पुष्कळ ओटे आसपासच्या गावांत आहेत. त्यांच्यापुढे उभ्या असणाऱ्या बायकांना माझं नावही माहीत नाही, पण त्यांची पाठ दुखत नाही. मला तेवढं पुरतं.

आता शकरीमासीबद्दल, म्हणजे शकरीमावशीबद्दल, सांगते. तिच्यासाठीच तर हे सगळं सांगायला बसले आहे.

मासी वसतिगृहाच्या भटारखान्यात रोटल्या, म्हणजे आपल्या पोळ्या, करायची. नव्वद मुली, दोन्ही वेळा. बावीस वर्षं ती जमिनीवर पाटावर बसून, पुढ्यात पोळपाट घेऊन लाटत आली होती. तिला मागेपुढे कुणी नव्हतं. भटारखान्यामागची एक खोली तिला कामाबरोबर मिळाली होती आणि तेच तिचं घर. ती फार बुटकी होती. उभी राहिली की तिचं डोकं मुलींच्या खांद्याला लागायचं. मुली चिडवायच्या, "मासी, उभ्या आहात की बसल्यात?"

"बसलेय गं, तुझ्या डोक्यावर. उतरव आता," मासी म्हणायची. सगळ्या हसायच्या, तीही हसायची. पण हसून झालं की डोक्यावरचा पदर जरासा उंच ओढून घ्यायची. हे कुणाच्या लक्षात येत नसे.

बसून बसून तिचे गुडघे गेले होते. उठताना एक हात भिंतीला, दुसरा कमरेला आणि तोंडात "हे रणछोडराय!" एवढं जमून आल्याशिवाय ती उभी राहत नसे. म्हणून उभ्याने काम करायचं नवं स्वयंपाकघर बांधायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिला झाला. म्हणाली, "आता उठता-बसता देवाला हाक मारायला नको. त्यालाही जरा उसंत मिळेल."

बांधकामावर देखरेख होती संस्थेच्या अंबुकाकांची. माणूस आडव्या अंगाचा, पांढरा झब्बा घालणारा, मनाने वाईट नव्हे, पण घाईचा. एका सकाळी ते निरुबेनांबरोबर भटारखान्याच्या दाराशी उभे राहिले. म्हणाले, "ओटा चौतीस इंच. सगळीकडे चौतीसच असतो."

"सगळीकडे शकरीबेन नसतात," निरुबेन म्हणाल्या. "त्यांचं माप घेऊन ठरवू. आमच्या जलपाचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्पच तो आहे."

"घ्या की. इंचभर इकडेतिकडे करीन. पण एका बाईसाठी बालवाडीचा ओटा बांधणार नाही, आधीच सांगतो. नाहीच जमलं तर उमरेठला एक स्वयंपाकी महाराज आहे, ताडासारखा उंच. त्याला बोलावू. शकरीबेननी आता आराम करावा."

काका हे हसत हसत बोलले आणि निघूनही गेले. दाराआड मासी पीठ चाळत होती. चाळणीचा आवाज थांबला होता. मी तेव्हा जलपाच्या गळ्यात होते, म्हणून मला कळलं. जलपा काकांच्या मागे धावत होती, तिला नाही कळलं.

जलपा परमार बोरसदकडच्या एका खेड्यातली. घरातली कॉलेजात आलेली पहिलीच मुलगी. तिच्या बापूजींनी तीन वर्षांची परवानगी दिली होती, चौथं वर्ष मागायचं नाही या अटीवर. त्याच दुपारी ती मासीचं माप घ्यायला आली.

"मासी, चपला काढा. भिंतीला पाठ लावा. हात कोपरात वाकवा. आता ताठ उभ्या राहा हं, अगदी ताठ."

मासी उभी राहिली. जलपाने मला तिच्या कोपराशी धरलं आणि माझं एक टोक खाली सोडलं. माझी पितळी टोपी मासीच्या साडीच्या काठाआड फरशीला टेकली. आणि तिथे मी पाहिलं, मित्रांनो. मासीच्या दोन्ही टाचा अधांतरी होत्या. सगळं अंग तिने बोटांवर तोललं होतं. पायांच्या शिरा ताणून निळ्या झाल्या होत्या आणि दुखरे गुडघे थरथरत होते. वर चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं. वर ती जलपाला विचारत होती, "झालं का गं? मला डाळ उकडायचीय."

माप घेणारं माणूस नेहमी वरचा आकडा पाहतं. जलपानेही तोच पाहिला. "चौऱ्याण्णव!" ती खूश होऊन म्हणाली. "मासी, तुम्ही वाटता तेवढ्या बुटक्या नाही हो! ओटा चौऱ्याऐंशी सेंटिमीटर, म्हणजे तेहतीस इंच. काकांच्या इंचभरात बसला."

"बसला ना?" मासी म्हणाली आणि भिंत धरून हळूच खाली आली.

आमच्या घराण्यात मापात पाप नसतं. मी खोटं बोलले का? नाही. तिच्या कोपरापासून फरशीपर्यंत चौऱ्याण्णवच होते. टाचेबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं. तरीही त्या दिवशी खणात परतल्यावर मला माझी लाज वाटली. बावीस वर्षं राबलेली बाई एका ओट्यापुरतं मोठं व्हायला धडपडत होती, आणि मला आकड्यापलीकडे काही बोलता येत नव्हतं.

पण निरुबेनांचा दंडक होता ना. दोन दिवसांनी जलपाने मासीला प्रयोगशाळेत नेलं. तिथे मळसूत्र फिरवून खाली-वर करता येणारा एक लाकडी ओटा होता. मासी कणीक मळण्यात गुंगली असताना जलपाने मला हळूच तिच्या कोपरामागून सोडलं. अठ्ठ्याऐंशी. तिसऱ्या मापाच्या दिवशी मासी कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणावळीचं वर्णन करत होती, तिचं भान पुरणात अडकलं होतं. पुन्हा अठ्ठ्याऐंशी.

जलपाने वही पाहिली आणि मला पाहिलं. मैत्रिणी म्हणाल्या, "ही म्हातारी पट्टी ताणली गेलीय. आकडेसुद्धा उडालेत तिचे. टाकून दे." चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते हेच. आणि गंमत म्हणजे इथला चोरही चोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्गात निरुबेनांनी मला टेबलावर पसरलं आणि शेजारी ती जुनी पोलादी पट्टी ठेवली. अंबुकाका आकडा घ्यायला म्हणून येऊन बसले होते, कारण मिस्त्री परवा दगड कापणार होता. निरुबेनांनी एकेक खूण ताडली. मी केसभरही हलले नव्हते. एरवी माझी मान ताठ झाली असती.

"पट्टी खरी आहे," निरुबेन म्हणाल्या. "म्हणजे हात चुकला."

"बेन, मी नीटच घेतलं होतं," जलपा म्हणाली.

"नीट घेतलेल्या मापात सहा सेंटिमीटरचा खड्डा पडत नाही. ज्या आकड्यावर माझा विश्वास नाही, त्यावर मी सही करणार नाही. काका, तुमचा चौतीस इंची ओटा होऊ द्या. आणि जलपा, हा प्रकल्प तू पुढच्या वर्षी पुन्हा कर."

निरुबेन कडक होत्या, पण अन्यायी नव्हत्या. त्यांना जे दिसलं, त्यावरून त्या बोलल्या. जलपा वहीचा कोपरा दुमडत आणि उलगडत राहिली. पुढचं वर्ष तिच्याकडे नव्हतं, हे वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

मासी त्याच वेळी काकांसाठी चहा घेऊन आली होती. ती दारातच थांबली. मग आत येऊन तिने कप टेबलावर ठेवला, पदराला हात पुसले.

"पोरीला बोलू नका, बेन," ती म्हणाली. "तिचा हात बरोबर होता. पट्टीही बरोबर होती. टाच माझी खोटी होती."

कुणालाच काही कळलं नाही. मासीने साडीचा काठ वीतभर वर धरला आणि सगळ्यांदेखत बोटांवर उभी राहून दाखवलं. मग टाचा खाली टेकवल्या.

"हे एवढं," ती म्हणाली. "एवढंच मी चोरलं. खाली बसून रोटल्या केल्या तेव्हा बावीस वर्षांत कुणी माझी उंची विचारली नाही. आता विचारली, तर काका म्हणाले, एका बाईसाठी नाही बांधणार. मला वाटलं, ओटा मोठा आहे तर आपणच मोठं व्हावं. रोज बोटांवर उभी राहून लाटली असती, काय त्यात? पण खोली सुटली तर जायचं कुठे?"

 अंबुकाकांनी चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

निरुबेन उठल्या. त्यांनी मला उचललं, मासीजवळ गेल्या आणि त्या, साठीला आलेल्या, चष्मेवाल्या, मुलींना दरारा वाटणाऱ्या बाई फरशीवर मांडी घालून बसल्या. माझी पितळी टोपी त्यांनी मासीच्या टाचेशेजारी अंगठ्याने दाबून धरली. "जलपा, वरचा आकडा वाच."

"अठ्ठ्याऐंशी."

"लिही. बेन, चूक तुमची नाही. माझ्या पोरींना मी कोपर पाहायला शिकवलं, टाच पाहायला शिकवलं नाही. तेवढं माझ्याकडून राहिलं." मग वळून म्हणाल्या, "आणि जलपा, तुलाही मी उगीच बोलले."

म्हणजे ओटा हवा अठ्ठ्याहत्तरचा, जेमतेम एकतीस इंच. काका मवाळ झाले होते, पण पटलेले नव्हते. "अहो, पण एवढा ठेंगणा! दोन-तीन इंचांनी असं काय बिघडतं?"

 जलपाने काकांना शेजारच्या प्रयोगशाळेत नेलं, सगळे मागोमाग गेले. तिथे तिने त्यांचं कोपर मोजलं, या वेळी आधी खाली वाकून टाचाही पाहिल्या, आणि लाकडी ओट्याचं मळसूत्र फिरवायला घेतलं. ओटा वर वर चढला आणि काकांच्या कोपराखाली बोटभर अंतरावर थांबला. "चौतीस इंची ओटा मासींना असा येतो," ती म्हणाली आणि परातीत कणीक ओतली. "मळा, काका. मासी नव्वद जणींची मळतात. तुम्ही दहा जणींची मळा."

काकांनी बोटातली अंगठी काढली, बाह्या सारल्या. सुरुवात तर झोकात केली. थोड्या वेळात त्यांचे खांदे कानांना लागले. कपाळावरचा घाम पुसावा तर हात कणकेचे. मुली पदराआड आणि वह्यांआड हसत होत्या. मासी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "काका, पाणी जरा कमी घातलंत. द्या, मी करते."

"राहू दे, शकरीबेन," काका धापा टाकत म्हणाले. "कळलं मला. पण एक सांगा, उद्या तुमच्या जागी कुणी उंच बाई आली तर?"

"उंच बाईला ओट्यावर पाट ठेवून उंची वाढवता येते," जलपा म्हणाली. "बुटक्या बाईला तापल्या तव्यासमोर पाटावर उभं करता येत नाही."

काका हात धुवायला गेले. जाताना दारातून म्हणाले, "मिस्त्रीला अठ्ठ्याहत्तर सांगा." जरा पुढे जाऊन परत वळले. "आणि शकरीबेन, ती खोली तुमचीच आहे. ओट्याचा आणि तिचा काही संबंध नाही. मी तेव्हा बोलायला नको होतं."

काळ्या दगडाचा ओटा झाला. पहिल्या सकाळी जलपा मला गळ्यात घालून तिथे गेली, पण माप घ्यायला नव्हे. ती सरळ फरशीवर बसली, भिंतीला टेकून, आणि मासी लाटत होती ते बघत राहिली. मीही बघत होते. एकशे ऐंशी रोटल्या झाल्या. तेवढ्या वेळात मासीच्या टाचा एकदाही उचलल्या गेल्या नाहीत. मधेच तिने विचारलं, "काय बघतेस गं तिथे खाली?" जलपा म्हणाली, "काही नाही, मासी." तिचे डोळे भरून आले होते. माझे आले नाहीत, कारण मला डोळे नाहीत, पण मला जे झालं त्याला तुमच्याकडे दुसरा शब्द नसावा.

जलपा त्याच वर्षी पदवीधर झाली. आता ती बडोद्यात लोकांची घरं आखते. निरुबेन निवृत्त झाल्या. नव्या बाईंनी तळहाताएवढं एक यंत्र आणलं आहे. त्यातून लाल ठिपका निघतो आणि पापणी लवायच्या आत भिंतीपासून भिंतीपर्यंतचं अंतर सांगतो. मी त्याच्यावर जळत नाही. भिंती ते फार छान मोजतं. वर्षातून एकदा कुणीतरी खण उघडतं, मला पाहतं आणि खण बंद करतं. पाऊसकाळात अंगाला बुरशी येते. कुणी मला उन्हात ठेवलं तर बरं वाटेल, पण माझी विनंती ती नाही.

माझी विनंती वेगळी आहे. मित्रांनो, तुमच्याही घरात असं कुणीतरी असेल. कपाटाच्या वरच्या फळीला हात न पुरणारी, ओट्याशी खांदे चढवून उभी राहणारी, उंच पायरी उतरताना 'मला काही होत नाही' म्हणणारी. कधीतरी तुम्ही मोठे होऊन त्यांच्यासाठी काही बांधाल, आणि बांधायच्या आधी त्यांना भिंतीशी उभं कराल. तेव्हा 'ताठ उभे राहा' म्हणू नका. 'जसे आहात तसे उभे राहा, घर तुमच्या मापाचं करणार आहोत' असं म्हणा. आणि मग लगेच वरचा आकडा वाचू नका. जरा थांबा. ज्यांनी आयुष्यभर टाचा उंचावून दिवस काढले, त्यांना त्या खाली टेकवायला थोडा वेळ लागतो.